फाटकावरचा नमदा

असिलकान : जीव घेतायत ते आमचा, केरिमबेक! राजधानीत उबदार कचेरीत बसून, हाताला डाग न लावता जीव घेतायत. आणि वर तोंड करून सांगतात काय, तर काम वाढलंय!

केरिमबेक : हळू, एजे. थोरली बहीण म्हणून मान आहे तुला, पण कारखान्यातल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून तुझ्याकडेच बघतायत.

असिलकान : बघू देत. माझी सून इस्पितळात पडलीय. सकाळी याच इथे, वाफेच्या कढईपाशी कोसळली. पोटुशी आहे ती. आणि मी हळू बोलू?

केरिमबेक : शुद्धीवर आली ना पण?

असिलकान : आली. मला ओळखलं, स्वतःचं नाव मात्र आठवेना तिला. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, घरात कोळशाची शेगडी आहे का? रात्री धुरांड्याची झडप लवकर लावलीत का?

केरिमबेक : म्हणजे ईस?

असिलकान : ईसच, कोंडल्या जाळाचा विषारी वायू. दर हिवाळ्यात या गावात एखादं घर झोपतं ते उठत नाही, तोच. पण आमच्याकडे शेगडीच नाही, मुकादम. नळ्यांतून गरम पाणी फिरतं. मग पोरीला ईस लागला कुठे?

केरिमबेक : ते मला विचारून काय होणार?

असिलकान : मागे वळून बघ. तो पिवळा गुरगुरतोय ना, त्याला विचार.

एसेनकुल : मला पिवळा म्हणालीस का गं, एजे? कावीळबिवीळ झालीय की काय मला?

असिलकान : तुला नाही रे, तुझ्या फोर्कलिफ्टला. आधी ते इंजिन बंद कर.

एसेनकुल : बंद केलं तर या थंडीत परत सुरू व्हायला नखरे करते ती. आणि हिच्या बुडाशी ऊब किती असते, विचार की बायकांना. चहाच्या वेळी सगळ्या हिलाच चिकटून बसतात. मला एक चिकटत नाही.

केरिमबेक : एजे, ईस कोळशाला असतो. ही गॅसवर चालते. मुख्य कचेरीतल्या माणसाने मला स्वतः सांगितलंय, निळी ज्योत, ना धूर ना काजळी. घरी गॅसवर चहा ठेवतेस ना? मेलीस का?

असिलकान : घरी मी गॅसवर चहा ठेवते. दिवसभर खोलीत फोर्कलिफ्ट फिरवत नाही.

एसेनकुल : हे बरं बोललीस, एजे! मुकादमाच्या वर्मी लागलं.

केरिमबेक : तू गाठोडी उचल रे. आणि एजे, ही निवडली कोणी? पानं गळायच्या दिवसांत दोन्ही गाड्या तुमच्यासमोर आणून उभ्या केल्या की नाही मी? आधी बॅटरीवाली चालवली, मग गॅसवाली. बॅटरीवालीला शैतान नाव कोणी ठेवलं?

असिलकान : आम्हीच.

केरिमबेक : ‘आवाज न करता पाठीमागून येते, एखादीच्या पायावर चढेल, ही भुताटकी नको आम्हाला.’ कोण म्हणालं होतं?

असिलकान : मी म्हणाले होते. पण तेव्हा फाटकं सताड उघडी होती, केरिमबेक. चिमण्या आत येऊन लोकर पळवत होत्या. हिचा वास बाहेरच्या बाहेर उडून जात होता.

केरिमबेक : मग आता काय झालं?

असिलकान : आता बर्फ पडलं. दुसऱ्या कुणाचा कारखाना असता तर त्यांनी फटींत चिंध्या कोंबल्या असत्या. चार ठिकाणांहून वारा आत आलाच असता. आपण पडलो नमदेवाले, लोकर रगडून तंबूचं जाड कापड करणारे! फाटकाला आतून दुहेरी नमदा ठोकला. खिडक्यांना नमदा. छताखालच्या झरोक्यांना नमदा. डोंगरावरच्या वादळात तंबूतल्या पोराला कुडकुडू देत नाही असा, आपल्याच हातांनी रगडलेला. आणि छाती फुगवून म्हणालो, आत मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही.

एसेनकुल : नाहीच हलत. मी लावून पाहिलीय.

असिलकान : मग एकेकीचं डोकं चढायला लागलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. आपण म्हणालो, मोठ्ठं काम मिळालंय, कारखान्याला नजर लागली. ती उतरवायला आर्चाच्या झाडाच्या डहाळ्या पेटवल्या, कोपऱ्याकोपऱ्यात धूर फिरवला. आणि धूर फुकट जाऊ नये म्हणून ते छोटं दारसुद्धा घट्ट लावून घेतलं!

केरिमबेक : आर्चाला मधे आणू नकोस. माझी आजी आर्चाच्या धुराने माणसं बरी करायची.

असिलकान : तुझ्या आजीने तंबूचं छत उघडं ठेवलेलं असायचं रे! आपण थडग्यात आर्चा फिरवली.

केरिमबेक : बरं, तुझं म्हणणं काय? एका वाक्यात सांग.

असिलकान : ही बाहेर काढ. बॅटरीवालीवर काम चालू दे.

केरिमबेक : बॅटरीवाली परत न्यायला ट्रक निघालाय. आज पोचतोय. आणि रिकामा येत नाही, आणखी एक गॅसवाली घेऊन येतोय.

असिलकान : आणखी एक? याच छताखाली?

केरिमबेक : मग काय करू? संध्याकाळ झाली की वीज जाते. असते तेव्हा दिव्यातली तार नुसती लाल होते. ती बॅटरी काय फुंकर मारून भरू? थंडीत अर्ध्या पाळीतच मान टाकते. हिला टाकी बदलली की निघाली. वसंतात जत्रेसाठी तंबू द्यायचेत, एजे. नाही दिले तर कारखान्याला कुलूप. मग तुझी सून कुठे शिवणार आहे?

असिलकान : दुपारी वीज नीट असते, तेव्हा भर. आम्ही जेवतो तेव्हा भर. उरलेली गाठोडी आम्ही ओढू, आमच्या आयांनी ओढलीच की.

केरिमबेक : वर हे पटणार नाही.

असिलकान : वरच्यांना पटवायला तुला मुकादम केलंय, की आम्हाला गप्प बसवायला?

केरिमबेक : दोन्हीला. आज ट्रक येतोय एजे, बॅटरीवाली न्यायला. मी तुला सांगितलं ना ट्रकचं?

असिलकान : आत्ताच सांगितलंस.

केरिमबेक : हो का? रात्री झोप नाही झाली नीट.

असिलकान : मघापासून जांभयांवर जांभया देतोयस. कपाळ का दाबतोयस असं?

केरिमबेक : तुझ्या आवाजाने.

एसेनकुल : एजे, भांडताना तू झकास दिसतेस गं. दोघीही झकास.

असिलकान : दोघी कोण?

एसेनकुल : तू आणि... तूच. शेजारी शेजारी. एक जरा कमी रागावलीय.

असिलकान : एसेनकुल, खाली उतर.

एसेनकुल : उतरतो की. पाय कुठे ठेवलेत ते बघतोय.

असिलकान : केरिमबेक, गाडी चालतेय! त्याचं लक्ष नाही!

केरिमबेक : खांब! एसेन, खांब आहे पुढे! ब्रेक!

असिलकान : चावी काढ तिची! त्याला काखेत धरून ओढ, मान सांभाळ! बायांनो, सुरे घ्या, फाटकावरचा नमदा फाडा!

केरिमबेक : एजे, तो पांढरा नमदा जत्रेच्या कामातला आहे गं...

असिलकान : फाडा म्हणते ना! शिवण बघत बसू नका, मधोमध फाडा!

(फाटकाबाहेर, बर्फात. बायका भिंतीला टेकून बसल्या आहेत.)

एसेनकुल : मला आत जाऊ द्या. आत ऊब होती छान.

असिलकान : हलायचं नाही. तोंड उघडून श्वास घे. आणखी एक. झोपायचं नाही, ऐकतोयस का? गाल लाल होईपर्यंत थोबाडीन.

एसेनकुल : ओकलो का मी?

केरिमबेक : माझ्या बुटांवर.

एसेनकुल : गाडी ठीक आहे ना?

असिलकान : बघ, केरिमबेक. हाही गाडीचंच विचारतो. इतकं मुरलंय हे आपल्या हाडांत.

केरिमबेक : वर काय सांगू गं मी आता?

असिलकान : झालं ते सांग, लाव फोन. लाव! रुग्णवाहिकेला लावलास तसाच वरही लाव.

केरिमबेक : हॅलो... हो साहेब, कराकोलहून केरिमबेक. फोर्कलिफ्ट खांबाला धडकली... नाही, फार नाही, पुढचा दात वाकला असेल. चालक बेशुद्ध पडला होता... हो साहेब, गाडी सुरू होईल. मी म्हणत होतो, आत ईस साठला... फाटक? उघडलंय. नमदा फाडावा लागला. हो. हो साहेब.

असिलकान : काय म्हणतायत?

केरिमबेक : फाटक लगेच लावा म्हणतायत. कढयांचं पाणी गोठेल, नळ फुटतील.

असिलकान : आणि ट्रक?

केरिमबेक : ट्रक थांबवणार नाहीत. दोन्ही गॅसवाल्या चालू असताना अधूनमधून छोटं दार उघडत जा, म्हणे.

असिलकान : एसेनकुल कसा आहे, विचारलं?

केरिमबेक : गाडीचं विचारलं.

असिलकान : माझ्या सुनेचं?

केरिमबेक : एजे, हा घे फोन. मला नाही जमत. नोकरी गेली तर गेली.

असिलकान : हॅलो. मुकादम नाही, शिवणकामावरची असिलकान बोलतेय. नाही, त्याला देणार नाही फोन. तुम्ही ऐका. आम्ही सगळ्या बर्फात बसलोय, घरी एकही गेलेली नाही. तुम्ही म्हणाल तर आम्ही फाटक लावू. नमदा शिवून परत ठोकू. दोन काय, चार गॅसवाल्या आत घेऊ. असं करू की आतून बाहेर आवाजसुद्धा येणार नाही. फक्त आधी एक सांगा. इथे तुर्दुकान बसलीय, तिचं धाकटं अजून अंगावर पितं. तिच्या शेजारी साल्कीन आहे, म्हातारी सासू तिच्याच जिवावर जगतेय. ऐझादा आहे, पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. माझी सूनही आहे, इस्पितळातून विचारतेय उद्या कामावर येऊ का म्हणून. यांतली आत पहिली कुणाला पाठवू? मी नाही ठरवणार. मुकादमही नाही ठरवणार. ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. हॅलो? ठेवू नका फोन, तुमचा श्वास ऐकू येतोय मला. नाव सांगा.