मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं

दोन मिनिटं, बाई, दोनच मिनिटं थांबा — एवढं पत्राचं होऊ दे, मग जा. बसा. हां, तर तुम्ही म्हणत होतात, शाळेला शिस्त असते. असायलाच हवी. मुख्याध्यापिका तुम्ही, साडेसहाशे पोरं सांभाळायची म्हणजे काही खायचं काम नाही — एक बाहेर गेली की तिच्यामागे चाळीस जातात, हेही खरं. पण आतड्याला शाळेची घंटा कळत नाही हो. मूल डबा खातं, पोट भरतं, की खाली मोठं आतडं जागं होतं आणि वीसेक मिनिटांत पुढे ढकलायला लागतं. सगळ्यांचंच. तुमचं, माझं. मी दिवसभर तेच बघते, मुलांची आतडी चालतात कशी आणि चालायची थांबतात का — माझी आत्या लोकांना सांगते, आमची पोरगी एवढं शिकली आणि मुलांना शी करायला शिकवते — आणि त्यात खोटं काय आहे? आता तुमची डब्याची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि सुट्टी संपली की मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली शिपाईमावशींच्या कमरेला. म्हणजे तुमच्या शाळेतल्या माझ्या या पेशंट पोरीला कळ येते तेव्हा ती गणिताच्या तासाला बसलेली. मग काय करते? पाय आवळून धरून ठेवते. रोज. दोन वर्षं.

हा तिचा एक्स-रे बघा — असा, उजेडाकडे धरते. ही बारीक पांढरी कडी दिसतात? चोवीस होती. कॅप्सूलमधून गिळायला दिली आणि पाचव्या दिवशी फोटो काढला. एव्हाना बहुतेक बाहेर पडायला हवी होती. किती राहिलीत? बावीस. सगळी तळाशी, दारापाशी येऊन अडकलेली. आतडं ताणून ताणून एवढं सैल झालंय, की भरलंय हे त्याला कळतच नाही. आणि आत साठून घट्ट झालेल्या शीच्या खड्याच्या बाजूबाजूने पातळ झिरपतं, चड्डीत, तिच्या नकळत. त्यावर तुमच्या वर्गबाईंनी वहीत लिहून पाठवलं — मुलीला जुलाब होत आहेत, बरी होईपर्यंत शाळेत पाठवू नये. जुलाब. आई घाबरली, पोट साफ व्हायचं औषध तिने बंद केलं आणि जुलाब थांबायचं सुरू केलं. झालं, होतं नव्हतं तेही बंद. आई शिकलेली आहे हो, मूर्ख नाही. डोळ्यांना जे दिसतं त्याच्या बरोबर उलटं आत चाललेलं असतं, म्हणून फसतात माणसं.

सोमवारी आमची बैठक आहे तिच्यावर. सर्जन म्हणतात, औषधं झाली, व्यायाम झाले, सुट्टीत सुधारते आणि शाळा उघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न — तर पोटाला लहानसं भोक पाडू, त्यातून रोज पाणी सोडून आतडं धुऊ. करतात तसं. ज्यांना खरंच लागतं त्यांच्यासाठी वरदान आहे ते. हिला नाही लागत. हिला तुमची एक सही लागते. 'मधली सुट्टी संपल्यानंतरच्या वीस मिनिटांत या मुलीला, न विचारता, वर्गाबाहेर जाऊ द्यावे.' एका ओळीचं पत्र, आणि ते परत करायला तुम्ही स्वतः आलात. पाकिटात घालून.

— हो, जाल, जाल. कळतंय मला. मघाशी पाठ टेकून बसला होतात, आता खुर्चीच्या कडेवर आलात. पाय एकावर एक, पर्स पोटाशी, श्वास अर्धाच. माझं कामच ते, बाई, माणूस तोंडाने सांगायच्या आधी मला दिसतं. दीड तास बसलात ना बाहेर? पाणी दिलं ना? आणि चहा — दोनदा? मीच सांगितलं होतं रिसेप्शनवरच्या ताईंना, मोठ्या बाई आहेत, पाहुणचारात कसर नको, पाणी विचारत राहा — अगं बाई. फोन होय. वाजू दे. असं दचकायला होतं मला, कशानेही. दार आपटलं तरी. नवरा घरात चोरासारखा वावरतो बिचारा.

तुम्ही आम्हाला तिसरीला होतात. नाही ओळखलंत? आडनाव बदललं माझं. मुलं मला गळकी टाकी म्हणायची. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडचा. मी हात वर केला होता. फळ्याकडे तोंड ठेवूनच तुम्ही म्हणालात, थांब. मी परत केला. थांब म्हटलं ना. मग जे व्हायचं ते झालं. तुम्ही ओरडला नाहीत — ओरडला असतात तर बरं झालं असतं. डस्टर टेबलावर आपटलंत, कपाटातून वर्तमानपत्र काढलंत, वर्गाबाहेर पसरलंत आणि मला त्यावर उभं केलंत. फरशी खराब होऊ नये म्हणून. आई येईपर्यंत दोन तास. पायाखालची बातमी माझ्या बाजूने उलटी होती, तरी मी सगळी वाचली. आई आली आणि तिने माफी मागितली — तुमची. पुढे चार वर्षं मी शाळेत पाण्याचा घोट घेतला नाही. आठवत नाही? कसं आठवेल. कागद माझ्या पायाखाली होता, तुमच्या नाही.

शाळेच्या कागदावर तुमचं नाव बघितलं ना, तेव्हा त्या पोरीसाठी वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला. खरंच झाला. म्हटलं, सापडलात. एक फोन केला असता तर कदाचित मिटलं असतं, पण फोनवर तुमचं तोंड दिसलं नसतं. म्हणून पत्र पाठवलं, मुद्दाम झोंबेल असं, 'न विचारता' घालून, म्हणजे तुम्ही चवताळून स्वतः याल. तीन आठवडे गेले त्यात. तीन आठवडे ती पोरगी तिथे पाय आवळून — ते माझं मी बघीन. ते तुमच्या खात्यात नाही.

पेन हवंय? घ्या. वाचा तरी आधी. बरं, नका वाचू. तारीख घाला. तारीख, बाई, खाली उजवीकडे. बघा, केवढं वळणदार अक्षर होतं तुमचं — आमच्या वह्या फाडायचात अक्षरावरून — आणि आता ही मुंगळा शाईतून निघून कागदावर फिरावा तशी सही. असू दे, चालते अशीही.

आणि एक सांगते. तुमच्या पाठीमागे पांढरं दार आहे ना, ते संडासाचंच आहे. वळून बघा, पाटीसुद्धा आहे. कुलूप नाही. आतलं भांडं लहान मुलांच्या मापाचं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण मी काही दार अडवून उभी नव्हते, मधे साधं स्टूलसुद्धा नाही. नजर वर केलीत की साडेसहाशे पोरं गप्प करणाऱ्या तुम्ही — आणि फोन वाजला तरी दचकणारी एक डॉक्टरीण 'थांबा' म्हणाली, तर बसून राहिलात. इथे आत पाऊण तास. का बसलात? मी टेबलाच्या या बाजूला आहे म्हणून. दुसरं काही नाही. आणि ती पोरगी आठ वर्षांची आहे.

पत्र राहू दे इथेच. जा आता.

अहो, माझ्याकडे काय बघताय? जा.