धरून ठेवलेला फोन

शहाद्याच्या पोस्टात तार करायला आलेल्या अख्तरबानोच्या पुढेच कळसाडीचे मगनभाई फोन कानाशी गच्च धरून बसले होते. रांगेतले सगळे कान तिकडेच लागले होते.

"मगनभाऊ, ठेवा खाली," पोस्टाचे बाबू म्हणाले. "धुळ्याचं एक्स्चेंज बंद पडून पुन्हा सुरू झालंय. तुमची जुनी लाइन मेली."

"नही. धुळाना दवाखानाना डाक्टरनी सांगं, धरी ठेवा, मी तुमनी पोरले दखीसन येस."

"ते बंद पडायच्या आधी! आता पलीकडे कोणी नाही."

"मंग हाई घूं घूं कसानी शे?"

"नुसत्या तारेची. ठेवा, नवीन जोडून देतो."

"मी ठेवसू आनि तवढामा डाक्टर बोलना तं? मन्ही सरलाले आपरेसनले लई गयात, बाबू!"

अख्तरबानोला राहवलं नाही. "मगनभाई, तो बी तठेन फोन लायी ऱ्हायना व्हई. तुम्हीच धरी बठनात, तं तेनी घंटी कशी वाजी?"

मगनभाईंनी फोन हळूच खाली ठेवला. बाबू नंबर जोडायला वळतात तोच घंटी खणखणली.

"उचला, मगनभाऊ! धुळ्याचाच असेल!"

"तू उचल, बहीन. मन्हा हात उठी नही ऱ्हायना."