वैनगंगेवर उतरणारं विमान

गिरजा : ...'डोंगाऽऽ लाव गाऽऽ.' अशी मारे माय हाक. 'डोंगा' काठावरच ठेवे, 'लाव' पाण्यावर टेकवे, आन मागचा 'गा' सोडून देये. तो आपला घसरत घसरत पल्याड जाये.

गुलाब : आणि पल्याडून नावाड्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरी हाक नाही. बाकीच्या बाया घसा बसेपर्यंत ओरडायच्या. माय एकदाच. बाई, पंख हलवू नको, गोंद ओला आहे.

गिरजा : मी कुठी हलवून राह्यली? मायची हाक ऐकून तूच हलला. डोळे दाखवाले आली मी आरमोरीले, आन धाकट्या भावानं मले इमानाचा टेकू करून ठेवलं.

गुलाब : डॉक्टर चार वाजता येणार. तोवर करशील काय? मला एक हात कमीच पडत होता.

गिरजा : 'मला' म्हणे. सारी नोकरी समुद्रावर केली, तवापासून याची जीभ खारट झाली. 'मले' म्हणाले जड जाते.

गुलाब : जातं खरं. हं, आता सोड हळूच. बघ, बसला पंख.

गिरजा : हातभर हाय की. आन हलकं कसं रे एवढं?

गुलाब : पोटाचं लाकूड सोडलं, तर अंग सगळं बुरडाकडच्या कामट्यांचं, वरून कागद, त्यावर रोगण. हे चार पंखे डब्याच्या पत्र्याचे. शेपटीतून मागं निघालेला हा लांब दांडा सायकलच्या चाकाची तार आहे. खऱ्या विमानात हा दांडा पाण्याखालचं लोखंड हुंगतो. खाली पाणबुडी असली की त्याला कळतं.

गिरजा : सूरजागडावर नेलं तं मंग?

गुलाब : दिवसभर बोंबलत राहील बिचारा. तिथं डोंगरच लोखंडाचा.

गिरजा : याच इमानात बसे ना तू?

गुलाब : हेच, पण पोट वेगळं. आमच्या विमानाला चाकं होती, जमिनीवर उतरायचं. याला मी नावेचं पोट लावलं. हे पाण्यावर उतरतं.

गिरजा : असं बनवलं होतं का कोणी?

गुलाब : कोणीच नाही. असं विमान झालंच नाही कधी.

गिरजा : जे झालंच नाई ते काऊन बनवून राह्यला मंग?

गुलाब : तीच तर गंमत आहे. विमानं बनवणाऱ्या शौकिनांमध्ये ही एक रीत असते. जे झालं नाही, पण झालं असतं तर कसं दिसलं असतं, ते बनवायचं. कायदा एकच. एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसं होतं तसंच ठेवायचं. नाहीतर मग काहीही करता येईल, त्यात कसब काय?

गिरजा : आपल्या दंडारीतल्या सोंगावानी हाय हे. डोक्यावर राजाचा मुकुट, आन खाली पाय आपलेच, धानाच्या बांधीतल्या चिखलानं भेगाळलेले.

गुलाब : अगदी तसंच. मुकुट तेवढा बदलायचा. पाय खरे पाहिजेत.

गिरजा : मंग हा राजा राहते कुठी?

गुलाब : घोडाझरीच्या तलावात मुक्काम. सकाळी उठायचं, वैनगंगेवरून खाली जायचं, संध्याकाळी परत. पोट पांढरं रंगवणार आहे, वरचा रंग मोहाच्या नव्या पानाचा, तांबूस. जंगलावरून गेलं तर उन्हाळ्यात दिसणारसुद्धा नाही. आणि शेपटीवर पळसाचं फूल. ते तुझ्याकडं.

गिरजा : मले दिसते कुठी? दोन दोन फुलं काढून ठेवीन.

गुलाब : रांगोळीची रेघ तू अंधारात ओढायचीस. घे ब्रश. फूल जरा वाकडं निघालं तरी चालेल, पळसाचं तसंच असतं.

गिरजा : धर मंग शेपूट. आता तू टेकू हो. ...हे काचेचं काय रे, फोड आल्यावानी?

गुलाब : माझी खिडकी. बाहेर फुगलेली काच, तिच्यात डोकं घालून खाली बघत बसायचं. वादळ येऊन गेलं की आम्हाला पाठवायचे, हरवलेले कोळी शोधायला. आठ आठ तास नुसतं पाणी. मग एखादा ठिपका. कधी लाकूड असायचं, कधी माणूस.

गिरजा : मायनं गाणं केलं होतं त्यावर. धानाच्या रोवण्यात बाया वाकल्या का वरून कोणतंबी इमान जाऊ दे, माय चिखलातूनच सुरू करे.
 इमान चाललं, चाललं ढगावरी
 माहा गुलाब बसला, बसला खिडकीवरी

गुलाब : नागपूरचं प्रवासी विमान असायचं ते. मी तिला दहादा सांगितलं.

गिरजा : तिलेही ठाऊक होतं. बुधरी म्हणे, काकी, ते गुलाबभाऊचं नोहे. माय म्हणे, असू दे वो, खिडकी तं हाय ना त्याले.

गुलाब : ...पुढं काय होतं गं गाण्यात?

गिरजा : मागच्या बायायनं उचलाचं. रोवणा संपेपर्यंत तुले कुठी कुठी फिरवून आणत. आन तू सुट्टीत आला का आंगणात बाज टाकून मायले शिकवे, पुरात काय कराचं आन काय नाई. तीही अशी ऐके, वंदनेले बसल्यावानी.

गुलाब : शिकवत होतोच. नदीकाठचं गाव आपलं. एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि मग दोघं जातात. आमच्याकडं पहिला धडा तोच असायचा.

गिरजा : हं. झालं तुहं फूल. पाकळी जास्तीची झाली एक.

गुलाब : राहू दे, छान आहे. आता पोटावरून शेवटची कानस फिरवतो. बाई, हे लाकूड मात्र तू लाखातलं आणलंस. जुनं सागवान, पाणी पिऊन पिऊन काळं झालंय, पण आतून बघ कसं मधासारखं निघतं. डांबराचा वास तेवढा जात नाही.

गिरजा : वास राहीनच थोडा. तरंगन ना पण?

गुलाब : उद्या कळेल. पुलाखाली सोडू, तिथं पाणी शांत आहे. तुला पोचवायला गावाकडं यायचंच आहे मला.

गिरजा : गावाकडंच येशीन, आन सोडशीन पुलाखाली? आपल्या घाटावर सोड ना. जिथून माय हाक मारे.

गुलाब : नाही.

गिरजा : काऊन नाई?

गुलाब : का नाही, ते तुला माहीत आहे. चैतू बसतो तिथं.

गिरजा : पूल झाल्यापासून डोंगा चालवत नाई तो. मासोळ्याचं जाळं विणत बसते बिचारा. येणाऱ्या जाणाऱ्याले तुहंच इचारते. त्याच्या आन बुधरीच्या नातीच्या लग्नात तुले बोलावलं, तू आला नाई. त्याच्या आंगणातून जाशीन तं मान फिरवशीन. म्हातारे झाले रे आता तुम्ही दोघंही.

गुलाब : बाई, मी हे विमान कोणत्या दिवसासाठी बनवलं ते तुला सांगायला नको. पुरानं घरात साप शिरला, मायला चावला. दवाखाना पल्याड, आरमोरीत. मधे फक्त नदी. आणि नदीवर एकच माणूस, ज्याच्या बापानं आणि त्यानं जन्मभर त्याच पाण्यावर पोट भरलं. तो पल्याड डोंगा बांधून बसून राहिला. मी तेव्हा समुद्रावर कोणाकोणाची लेकरं हुडकत होतो. माझ्या मायला नदी ओलांडायला डोंगा मिळाला नाही. म्हणून मी एकच गोष्ट बदलली. विमान पाण्यावर उतरतं. घाटाला लागतं. मायला घेतं आणि उडतं. बस.

गिरजा : म्हणून घाटावर नाई सोडाचं?

गुलाब : त्याच्या डोळ्यांदेखत तर नाहीच.

गिरजा : त्याच्या डोळ्यादेखतच झालं ते अर्धं, गुलाब. हे लाकूड त्याच्याच डोंग्याचं हाय.

(गुलाब कानस खाली ठेवतो. विमान मात्र हातातच राहतं.)

गुलाब : काय म्हणालीस?

गिरजा : चिंचेखाली पालथा पडला होता डोंगा. मी मांगतलं नाई. पाण्यावर उतरणारं इमान बनवून राह्यला गुलाब, एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी बूड कापून घेऊन आला. म्हणे, नाव नोको सांगू.

गुलाब : आणि तू आणलंस. माझ्या हातानं तासू दिलंस.

गिरजा : हो. आन आता आयकून घे. तुहा कायदा काय हाय? एकच गोष्ट बदलाची, बाकी जसं होतं तसंच.

गुलाब : हो, पण त्याचा इथं...

गिरजा : मंग तुही गोष्ट चुकली. जसं होतं तसं तुले ठाऊकच नाई.

गुलाब : मला अख्ख्या गावानं सांगितलं.

गिरजा : गाव सारं शाळेच्या टेकडीवर चढलं होतं, घरादारात पाणी. घाटावर मी होती आन माय. तिले बोलता येये, पण हाक निघेना. तवा मी मारली. मायवानी नाई जमली मले, 'गा' मधातच बुडला. तरी चैतूनं आयकलं. पल्याडून डोंगा सोडला त्यानं, एकट्यानं. कुठी डोंगा, कुठी चैतू, मले काई दिसे ना. मधीच दिसे, तं डोंगा गोल फिरे, झाडाच्या फांद्या त्याच्या आंगावर येत. खूप खाली जाऊन लागला आन काठाकाठानं वढत आणला. दोरी हातातच होती. म्हणे, बसवा काकीले.

गुलाब : आला होता?

गिरजा : आला होता. मायच बसली नाई.

गुलाब : बसली नाही म्हणजे? काय म्हणाली ती?

गिरजा : म्हणाली, एवढं पाणी चिरून आला तू, आता परत नाई जाचं. घरी बुधरी पोटुशी हाय. तो आयके ना, उचलाले वाकला तं तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, माहा गुलाब सांगते, चढत्या पाण्यात एका माणसासाठी दुसऱ्या माणसाले उतरवू नये. त्याले समजते, रोज वरून पायते तो.

गुलाब : ...ते मी आंगणात सांगितलं होतं. बाजेवर बसून.

गिरजा : हो. मंग तिथीच बसलो आमी तिघं. माय माह्या मांडीवर, आन चैतू डोंग्याची दोरी धरून. तिचं मन पालटलं तं लागन म्हून त्यानं शेवटपर्यंत सोडली नाई दोरी.

गुलाब : बाई, मले काऊन नाई सांगतलं? एवढी वर्षं मले त्याचा राग करू देल्ला तुनं? मी त्याच्या घरचं पाणी पेलो नाई. त्याचा लेक पाया पडाले वाकला तं मी पाय मागं घेतला.

गिरजा : नोकरी सोडून आला तवा सांगीनच म्हटलं होतं. पण चैतूचं नाव निघालं का तू उठून जाये. आन त्याच्या अगोदर सांगणं माह्या हातात नव्हतं. त्यानं माह्याकडून कबूल करून घेतलं होतं.

गुलाब : चैतूनं? काय कबूल करून घेतलं?

गिरजा : मायची माती झाली, तू अजून गाडीत होता. घाटावर मले म्हणे, बाई, माय डोंग्यात काऊन बसली नाई ते गुलाबले कळू देऊ नका. सोताचा राग घेऊन तो इमानात बसला, तं खिडकीतून त्याले खाली माणसं कसे दिसतीन? माहा राग करू द्या त्याले. मी काठावरच हावो.