पाचवी सवाष्ण

नाटकवाले लबाड असं कुणी म्हटलं की मला आमची पाचवी सवाष्ण आठवते.

आमचे मालक हिवतापातून उठले, तर पाच सवाष्णी जेवू घालीन, असा माझा नवस होता. ते उठले. चौघीजणी आल्या, पण पाचवी आयत्या वेळी माहेरी गेली. आता काय करायचं? तेवढ्यात आमच्या गावी, बाजारकुणंगला, उतरलेल्या नाटकमंडळीत सीतेचं काम करणारी बाई ओढ्यावर धुणं धुताना दिसली. कपाळभर कुंकू, नेटका अंबाडा. मी तिलाच बोलावून आणलं.

ती मुकाट्यानं पाटावर बसली. मी कुंकू लावायला वाकले, तशी ती मागं सरकली.

“वहिनी, नगा. मी गडी हाय. सवय ऱ्हावी म्हणून दिवसाबी लुगडं नेसतो. पुरणाच्या वासानं आलो, पर देवाच्या कामात सोंग न्हाई करायचा.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नवस अपुरा राहिला ना!

चुलीपासून सासूबाईंनी विचारलं, “बायकू हाय काय रे तुला?”

“व्हय, खानापुरात असती.”

“मग पाचवी सवाष्ण तीच. वटी तिला न्हे, आनि तिच्या नावानं तू जेव.”

बायकोच्या नावानं पाच पोळ्या संपवून तो हळूच म्हणाला, “मावशी, आता दोन माझ्या नावानं वाढता?”