लापशीची पहिली वाटी

जबाब
दि. १२ डिसेंबर २०००, मंगळवार, दुपारी साडेबारा

मी रंभा पोपट ओव्हाळ, वय ४८ वर्षे, धंदा अंगणवाडी मदतनीस, राहणार बौद्धवस्ती, मौजे खडकमळा, तालुका दौंड, जिल्हा पुणे, शिक्षण चौथी. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा, सून व नात प्रगती, वय चार वर्षे, यांच्यासह राहते. मुलगा व सून कंपनीत कामाला जातात, त्यामुळे प्रगती दिवसभर माझ्याबरोबर अंगणवाडीत असते. मी तेथे सहा वर्षांपासून झाडलोट, पाणी भरणे, मुलांना घरून आणणे व खाऊ शिजवणे ही कामे करते. सेविका भाग्यश्री बाई आहेत. पटावर एकवीस मुले आहेत.

अंगणवाडीला स्वतःची खोली नाही. यंदाच्या पावसाळ्यापासून ती गावच्या सोसायटीच्या गोदामात भरते. पुढच्या अर्ध्या भागात मुले बसतात. मागच्या अर्ध्या भागात सोसायटीचे खत, बियाणे आणि हरभऱ्यावर धुरळायची अळीची पावडर असते. मध्ये भिंत नाही, तरट टांगलेले आहे. खिडकी नाही, बल्ब नाही. मुलांच्या लापशीचे पोते पुढे ठेवले तर मुले त्यावर चढतात, म्हणून ते तरटामागे, पावडरीच्या पोत्यांना लागून ठेवावे लागते.

याबद्दल मी चार वेळा सांगितले. हवालदार साहेब म्हणतात, कालचे सांगा, जुने राहू द्या. काल जे झाले ते जुन्यातूनच झाले, म्हणून लिहून घ्यावे. पहिल्यांदा मी भाग्यश्री बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, वर कळवते. कळवले असेल. दुसऱ्यांदा सोसायटीचे सचिव सावळाराम आबा यांना त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगितले. माझे शब्द असे होते, "आबा, ती पावडर पोरांपासनं लांब न्या. इषाची हाय. पोत्यावर कवटी काढलीया." आबा म्हणाले, "रंभे, पोरं काय तरटाखालनं जात्यात व्हय? तू ध्यान ठिव की. तुला तिथं ठिवलंय कशाला?" तिसऱ्यांदा ग्रामसभेत उभी राहिले. सरपंच आप्पा म्हणाले, आता गोदाम रंभाबाईच्या नावावर करून टाकू. लोक हसले. मी खाली बसले.

चौथ्यांदा शाळेच्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला आणि दि. ६ नोव्हेंबर रोजी ग्रामपंचायतीत दिला. पावडर हलवा नाहीतर आम्हाला हलवा, आणि तोवर लापशीच्या पोत्याला झाकणाची पेटी द्या, एवढेच त्यात होते. पोच मागितली तर म्हणाले, तुला कशाला हवी पोच. पण गुरुजींनी खाली कार्बन घातला होता. ती दुसरी प्रत मी आज हजर करीत आहे.

पहिल्या वाटीबद्दल विचारले, त्याचे उत्तर असे. शिजवलेले मदतनिसाने आधी चाखावे असा नियम आहे. आमच्या गावात मी चाखले तर सगळे उष्टे होते. श्रावणात दोन मुलांचे पोट दुखले, तेव्हा भामाबाई, ज्यांचा नातू अंगणवाडीत येतो, व इतर बाया म्हणाल्या की ही काय घालते काय ठाऊक. आप्पांनी तोड काढली, की रंभाच्या नातीने रोज सगळ्यांदेखत पहिली वाटी खावी, मग बाकीच्या मुलांना वाढावे. मी हो म्हटले. नाही म्हटले असते तर काम गेले असते. तेव्हापासून प्रगती रोज उंबऱ्यात बसून वाटी खाते आणि भामाबाई व आणखी दोघीतिघी समोर उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघतात.

काल सोमवार, दि. ११ रोजी भाग्यश्री बाई मीटिंगला दौंडला गेल्या होत्या. सकाळी नऊच्या सुमारास मी मुले आणायला वस्तीवर गेले. दहा वाजता परत आले, तेव्हा सोसायटीचा शिपाई जालिंदर शेतकऱ्यांना पावडर देऊन गोदामाबाहेर अंग झटकत होता. तो म्हणाला, "मावशे, एक पोतं उसवलं व्हतं. जराशी सांडली. म्या झाडून घेतलीया." मी विचारले, कुठे सांडली. तो म्हणाला, तिकडेच. आणि सायकलवर बसून गेला.

मी तरटामागे गेले. अंधार होता. लापशीच्या पोत्यातून चार मापटी काढली. पोत्याचे तोंड उघडे होते. वास आला नाही काय, असे विचारले. वास आला. तो वास तिथे रोज असतो. माझ्या लुगड्याला असतो, प्रगतीच्या केसांना असतो. रोजच्या वासाने कुणाला काय कळणार.

लापशी गूळ घालून शिजवली. साधारण साडेअकरा वाजता प्रगतीला पहिली वाटी दिली. भामाबाई व दोघीजणी समोर होत्या. मुलीने सगळी वाटी आवडीने खाल्ली. भामाबाई म्हणाल्या, "वाढ आता." मी वीस ताटल्या वाढल्या. जेवणाआधी मुले हात जोडून श्लोक म्हणतात. प्रगतीचे खाऊन झालेले असले तरी ती उभी राहून म्हणते. काल ती म्हणत नव्हती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, फ्रॉक पुढून भिजला होता आणि ती डोळे चोळत होती. मी हाक मारली. तिने ओ दिली नाही.

मग मी पातेले लाथेने उलटे केले. मुलांच्या पुढच्या ताटल्या ओढून बाहेर फेकल्या. भामाबाईंचा नातू सुमित याने घास उचलला होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, त्याचा घास खाली पडला. भामाबाई ओरडल्या, "माझ्या पोराला मारती? अन्न लाथाडती?" त्यांनी माझे केस धरले. मी म्हटले, "केस नंतर उपटा, आधी पोरांच्या तोंडात बोटं घालून बघा." त्यांनी प्रगतीकडे बघितले आणि हात सोडला. दुसऱ्या कोणत्याही मुलाच्या पोटात घास गेलेला नाही. हे मी एकेकाचे तोंड उघडून पाहिले, आणि तोवर माझी नात जमिनीवर आडवी झाली होती. आधी वीस तोंडे पाहिली आणि मग तिला उचलले. हे कुणी विचारलेले नाही, मी आपणहून सांगते.

भामाबाईंचा मुलगा नवनाथ याच्या टेम्पोतून तिला वरवंडला नेले. भामाबाई टेम्पोत बसल्या होत्या. त्यांनी प्रगतीचे पाय मांडीवर घेतले होते. वरवंडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन लगेच दौंडच्या सरकारी दवाखान्यात पाठवले. तेथे दीड वाजता दाखल केले. डॉक्टर म्हणाले की अळीच्या पावडरीचे विष आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

सावळाराम आबांनी काल संध्याकाळी लिहून दिले आहे की पोत्याचे तोंड मी हयगयीने उघडे ठेवले व सरकारी खाऊची नासाडी केली. त्याबाबत माझे म्हणणे असे की, शनिवारी मी पोत्याचे तोंड सुतळीने आवळून बांधले होते. ती सुतळी काल जालिंदरने उसवलेले पोते बांधायला सोडून घेतली. ती अजून त्या पोत्याला आहे, असे भाग्यश्री बाईंनी आज सकाळी पाहून मला सांगितले. तिला मी ओळखीसाठी निळी चिंधी बांधली होती, ती जाऊन पाहावी. नासाडी मी केली. पुन्हा करीन.

येणेप्रमाणे माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, एका ठिकाणी सोडून. "मुलीने सगळी वाटी आवडीने खाल्ली" असे वर लिहिले आहे. तेव्हा मला तसेच वाटले होते, म्हणून मी तसे सांगितले. ते खरे नाही. "आवडीने" हा शब्द खोडून घेतला असून तेथे माझी सही आहे. त्या जागी पुढील मजकूर धरावा.

लापशी तिला कडू लागली होती. आज सकाळी सात वाजता ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी तिला विचारले, बाळा, कडू लागले तर टाकून का नाही दिलेस? ती म्हणाली, "आजीनं सांगितलंय, माणसं बघत्यात, तोंड वाकडं करायचं न्हाई." हे मी तिला शिकवले आहे. श्रावणापासून रोज सकाळी वेणी घालताना शिकवले आहे. तिने जरा तोंड वाकडे केले असते तर भामाबाईंनी म्हटले असते, बघा. म्हणून ती शेवटपर्यंत खात राहिली आणि मी समोर उभी राहून, पोरगी शहाणी आहे, असे मनात म्हणत होते.

त्यानंतर नर्सबाईंनी तिला चमच्याने औषध पाजले. ते कडू असावे. प्रगतीने तोंड वाकडे केले, माझ्याकडे बघितले आणि पटकन सरळ केले. मी तिला म्हटले, कर बाळा, वाकडे कर. तिने पुन्हा केले.

एवढे वाढवून लिहिल्यावर पुन्हा वाचून घेतले. आता बरोबर आहे.

सही
रंभा पोपट ओव्हाळ

समक्ष
पोलीस हवालदार