नदीच्या मधातला झेंडा

हसू नका, पण मी कॉम्प्युटरवर जुन्या काळच्या लढाया लढत असतो. परवा बायकोले डावपेच समजावून सांगून राहिलो होतो, का तिरंदाज काठावर ठेवाचे, घोडेस्वार वळसा घालून मागून आनाचे. तेवढ्यात नदीच्या मधात झेंडा दिसला आन् मी पुरी फौज पाण्यात घातली. सारी मेली.

“वळसा कुठी गेला?”

“अवं, झेंडा होता ना!”

बायको सावरगावची, नदीच्या पल्याडची; मी अल्याडच्या पांढुर्ण्याचा. तिनं माऊस घेतला, तिरंदाज काठावर उभे केले आन् चूप बसली. दुश्मनच झेंड्यासाठी पाण्यात उतरला आन् खलास झाला.

“हे कुठी शिकली वं?”

“शिकाचं काय त्यात? गोटमारीच्या जत्रेत आमी काठावरून गोटे मारतो, आन् तुमी पांढुर्णेवाले नदीतल्या झेंड्यासाठी ते गोटे खात असेच घुसता. तुमाले पयल्यांदा पाह्यलं, तवा तुमी फुटलेलं डोस्कं धरून वापसच जाऊन राहिले होते.”