मनीरामचा भरलेला पट्टा

काडतूस जपणं म्हणजे काय, ते मला ब्रह्मदेशच्या लढाईत कळलं. आमच्या तुकडीत चिचगडचे दोघेच, मी आणि मनीराम. प्रत्येकाच्या छातीवर पन्नास काडतुसांचा पट्टा होता. हवालदार रोज बजावायचा, "दुश्मन दिसल्याशिवाय गोळी नाही!"

एका सकाळी समोरच्या बांबूत खडखड झाली. पहिली गोळी हवालदारानेच झाडली, मग आम्हीही गोळ्या झाडत सुटलो. पट्टे जवळजवळ रिकामे झाले, तेव्हा दिसलं, माकडं पळत होती. मनीरामने मात्र एकही गोळी झाडली नव्हती.

"काऊन रे?" मी विचारलं.

"कोणावर चालवू? मले तं कोणी दिसूनच नाही राहिला."

दुपारी जपानी खरंच आले. मनीरामने सरपटत येऊन आम्हा सातही जणांना पाच-पाच काडतुसं दिली, हवालदारालाही. नेम धरून एकेक झाडत आम्ही कुमक येईपर्यंत जीव वाचवला.

कुमकेबरोबर गोरा साहेब आला. आमचे रिकामे पट्टे पाहून खूश झाला. "शाबास! खूब लड़ा!" मनीरामच्या पट्ट्यात मात्र त्याला सात-आठ काडतुसं दिसली. "तुम सोता था?"

हवालदार खाली पाहत राहिला. मीही गप्प बसलो, ते अजून सलतं. मनीरामला आठ दिवस खंदक खोदायची शिक्षा झाली.

"कायले नाही सांगितलं साहेबाले?" मी नंतर विचारलं.

कुदळ न थांबवता तो म्हणाला, "सांगितलं असतं तं काडतुसं जपाले तुमचे बी पट्टे माह्याच गळ्यात टाकले असते."